वही नको, सेल धर

आमच्या भागातल्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञानाचा प्रयोग कसा होतो ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सामान एकच संच असतं, म्हणून गट पाडायचे, एका गटात पोरं-पोरी मिळून सहा-सात जण. आणि दोन मिनिटात, कुणी काही सांगायच्या आत, कामाची वाटणी झालेली असते. सेल, बल्ब, वायर पोरांच्या हातात आणि वही पोरींच्या हातात. मग त्या स्केलनं रेघ मारून साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं सगळं व्यवस्थित लिहितात, आकृती काढून नावं देतात, आणि परीक्षेत मार्क पण त्यांनाच जास्त पडतात त्यामुळं कुणाला त्यात काही खटकत नाही. उलट हायस्कूलचे सर सुद्धा म्हणतात, तुमच्याकडनं आलेल्या पोरी हुशार असतात हं.

मला खटकलं कारण मी बीएस्सी झाल्यावर बेळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते आणि तिथं दिवसभर हातच चालवायचे असतात, वही सगळ्यात शेवटी. लग्नानंतर ते जाणं-येणं जमेना म्हणून गेस्ट टीचर म्हणून तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी मराठी शाळेत लागले. गावाचं नाव राहू दे. भात, रताळी, बटाटे आणि जून ते सप्टेंबर नुसता पाऊस, असलं गाव. तर मी एकदा सातवीतल्या एका पोरीला सर्किट जोडायला सांगितलं, जिला परीक्षेत त्याच सर्किटच्या आकृतीला पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि ती सेलचं प्लस कुठलं ते बघण्यासाठी सेल फिरवून बघायचं सोडून शेजारच्या पोराकडं बघत राहिली. तिला येत नव्हतं असं नाही. तिनं सेल कधी हातातच धरला नव्हता इतकंच. टीव्हीच्या रिमोटचे सेल पण घरात भाऊ बदलतो म्हणाली.

हेडमास्तर सरांना विचारलं की शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी फक्त पोरींना थांबवून घेऊ का, प्रयोग करायला. ते माणूस चांगले, त्यांनी एवढंच विचारलं की सामान कोण देणार, आणि काय जळलं-बिळलं तर एसडीएमसीला, म्हणजे पालकांच्या शाळा समितीला, उत्तर कोण देणार. सामान मी आणते म्हटलं. दुसऱ्याचं उत्तर दिलं नाही.

सुरुवात हळदीपासनं केली, कारण फुकट. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचं आणि मग त्यावर लिंबू, चिंच, खायचा सोडा, चुन्याची निवळी, अंगाचा साबण, शिकेकाई, जे घरात सापडेल ते एकेक थेंब टाकून बघायचं. सोडा, चुना आणि साबणाला लाल होतं, बाकीच्यांना पिवळं ते पिवळंच. इथं एक पोरगी म्हणाली, ‘टीचर ह्ये तर कुंकू हाय की’, तिच्या आजीनं तिला सांगितलेलं की आधी कुंकू हळदीपासनंच करत होते. बरोबरच आहे, हळदीत चुना नाहीतर टाकणखार असलं काहीतरी अल्कली घालूनच ते लाल करतात. ह्याच पोरीनं पुस्तकातली ‘नैसर्गिक दर्शक’ (आम्ल की अल्कली ते रंग बदलून दाखवणारा पदार्थ) ही व्याख्या वर्षभर आधी पाठ करून म्हणून दाखवली होती. दोन्हीचा संबंध आहे हे तिला त्या दिवशी कळलं, आणि मग तिनं जास्वंद आणली, जांभळी कोबी कुठनं तरी पैदा केली, सोमवारी आली ती शाळेच्या बोअरचं पाणी आणि गावातल्या विहिरीचं पाणी दोन बाटल्यात घेऊनच.

पण पहिले काही शनिवार येणाऱ्या पोरी कमीच. कारण काय, तर घरचं काम. लावणीच्या दिवसात आई रानात असते, मग घरात बारकं पोर कुणी बघायचं. मी म्हटलं घेऊन या. मग कडेवर भाऊ, हाताला धरून बहीण अशी वरात यायला लागली आणि ती बारकी मागच्या भिंतीला बसून चुरमुरे खात बघायची. आयांनी कधी ‘विज्ञान कशाला’ म्हटलं नाही हं. बाहेरच्या लोकांना वाटतं की खेड्यातल्या आया शिक्षणाला आडव्या येतात. आमच्याकडं आयांचं म्हणणं एवढंच असायचं की किती वाजता सुटणार ते नक्की सांगा, पोरीला एकटीला उशिरा पाठवू नका. ते मी पाळलं आणि तक्रार संपली.

आता मोटरीचं सांगते, कारण सगळं खरं तिथनं सुरू झालं.

अरविंद गुप्ता म्हणून आहेत, टाकाऊ वस्तूंपासनं विज्ञानाची खेळणी करणारे, पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत बरीच वर्षं होते, 2018 ला पद्मश्री मिळाली. त्यांनी साधी मोटर करायची जी पद्धत दाखवली आहे ती यूट्यूबवर कुणालाही सापडेल. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक मॅग्नेट आणि इनॅमलची, म्हणजे वर करंट न जाणारा पातळ थर दिलेली, तांब्याची तार. तारेचं सेलवरच गुंडाळून दहा-एक वेढ्यांचं कडं करायचं, दोन टोकं दोन बाजूला बाहेर काढायची, पिना सेलच्या दोन्ही बाजूला रबरानं घट्ट बसवायच्या, मॅग्नेट सेलला वर चिकटवायचा आणि कडं पिनांच्या भोकात अडकवायचं. पिना आयांच्या बांगडीत लटकत असतातच, त्या आल्या. मॅग्नेट फुटक्या स्पीकरचे, भंगारवाल्याकडनं. तारेची अडचण होती.

गावात पंपाच्या मोटरी वाइंडिंग करणारं एक दुकान आहे, तिथं गेले. मामांनी जळलेल्या मोटरीतनं काढलेल्या तारेचा ढीगच दाखवला, घ्या पाहिजे तेवढी. ती उपयोगाची नाही, कारण तिच्यावरचं इनॅमल जळून गेलेलं असतं, आणि ह्या मोटरीत सगळा खेळ त्या इनॅमलचाच आहे. नव्या रिळाचे उरलेले तुकडे द्या म्हटलं. ते म्हणाले, ‘पोरास्नी शिकिवणार काय मोटर?’ पोरींना म्हटलं. ‘पोरीस्नी?’ एवढंच म्हणाले खरं तुकडे दिले, पैसे पण घेतले नाहीत.

तर इनॅमलचा खेळ असा. तारेचं एक टोक ब्लेडनं सगळीकडनं खरवडायचं, आणि दुसरं टोक फक्त अर्ध्या बाजूनं. अर्धं का? पोरींना मी सांगितलं नाही, म्हटलं काहीजणी पूर्ण खरवडा, काहीजणी अर्धं, बघू काय होतंय. पूर्ण खरवडलेल्यांचं कडं हलायचं, थरथरायचं आणि अडकून बसायचं. अर्धं खरवडलेल्यांचं बोटानं जरा ढकललं की भिंगरायचं, तेही सगळ्यांचं नाही, कारण कुणाचं कडं एका बाजूला जड, कुणाच्या पिना ढिल्या, कुणाचं इनॅमल नीट निघालेलंच नाही. आणि मग वर्गात जो आवाज! ‘टीचर फिरूलंय! टीचर माजं फिरूलंय बघा की!’ मागच्या भिंतीची बारकी पोरं पण उठून पुढं.

खरं मला त्या फिरण्यापेक्षा जास्त आवडलं ते न फिरणाऱ्यांचं. एक पोरगी तासभर खाली मान घालून बसली होती. तार परत सोडव, परत गुंडाळ, पिना वाकव, सरळ कर. शेजारीण म्हणाली दे मी करते, तर हिनं हात झटकला. वही बाजूला कुठंतरी पडलेली. शेवटी फिरलं तेव्हा ती ओरडली वगैरे नाही, मॅग्नेट उलटा करून परत लावला आणि म्हणाली आता उलटं फिरूलंय. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अर्धं का ते त्यांनीच शोधलं म्हटलं तर जरा जास्त होईल, आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर काढलं. करंट चालू असताना कड्याची एक बाजू ढकलली जाते, अर्धा फेरा झाला की तोच धक्का उलट्या दिशेनं बसायला लागतो, म्हणून नेमकं त्या अर्ध्या फेऱ्यात इनॅमल मध्ये यायला पाहिजे, करंट बंद, कडं आपल्या वेगानं पुढं जातं, आणि परत चालू. विकतच्या डीसी मोटरीत हेच काम कम्युटेटर करतो, तिथं फक्त बंद करायच्या ऐवजी करंट उलटा करतात.

पुढच्या खेपेला सगळ्याजणींना घेऊन वाइंडिंगच्या दुकानातच गेलो. मामांनी एक उघडलेली मोटर पुढ्यात ठेवली, स्लॉट दाखवले, कुठल्या स्लॉटमध्ये किती वेढे जातात ते सांगितलं. आणि ती उलटी फिरवणारी पोरगी सगळं वाकून वाकून बघून म्हणाली, ‘मामा, ह्यात मॅग्नेट कुठं हाय?’

नव्हताच. पंपाच्या इंडक्शन मोटरीत कायमचा मॅग्नेट नसतोच. मामा हसले, म्हणाले इतकी वर्षं दुकानात माणसं येतात, हे कुणी विचारलं नाही. त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं की करंट आला की ही कॉईलच मॅग्नेट होते. मग मी पुढचं जोडलं, की तीन फेजचा करंट एकामागोमाग एक येतो म्हणून तो मॅग्नेट जणू गोल फिरतो, आणि आतल्या रोटरमध्ये त्याच्यामुळं करंट तयार होऊन तो त्याच्यामागं ओढला जातो. थ्री फेज म्हणजे काय ते समजावायला मला शब्द शोधावे लागले नाहीत. शेतकऱ्यांच्या पोरी त्या, थ्री फेज कधी येते, रात्री बाबा किती वाजता उठून मोटर चालू करायला जातात, सगळं त्यांना पाठ. एक फेज गेली की मोटर घूं घूं करते आणि जळते हेही माहीत. का जळते ते त्या दिवशी मामांना विचारलं.

त्यानंतर मामांचा ‘पोरीस्नी?’ बंद झाला. मात्र दुसरंच सुरू झालं, गावात सगळे म्हणायला लागले की पोरींची बोटं नाजूक असतात म्हणून असलं बारीक काम त्यांना छान जमतं. मला त्याचा जास्त राग येतो. ह्याच पोरी शनिवारी दुपारी डोक्यावरनं वैरणीचा भारा आणतात तेव्हा बोटं नाजूक नसतात का? जमलं कारण सामान हातात आलं, आणि बिघडवायला वेळ मिळाला. एकीनं दोन एलईडी उडवले, सरळ मोठ्या चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलला लावले, मध्ये करंट कमी करणारा रेझिस्टन्स नाही. रडायला लागली. मी म्हटलं दोन रुपयाचं आहे, नको तिथं जीव नको लावू, आता सांग का उडाला. पोरांना कुणी असं समजावावं लागत नाही, ती चार मोडून पाचवं जोडतात, आणि पोरीनं एक कप फोडला तर संध्याकाळपर्यंत तेच ऐकते.

पोरं? ती खिडकीला. ‘आमाला का न्हाई टीचर?’ रास्त प्रश्न आहे. वर्गातल्या तासाला आता मी पोरींचे गट वेगळे, पोरांचे वेगळे करते आणि सामान दोघांना. शनिवार मात्र पोरींचाच ठेवला आहे. कायमचं असं वेगळं ठेवावं असं माझं मत नाही, पुढं हायस्कूलला, कॉलेजला एकत्रच करायचं आहे. पण आधी हात बसू दे.

आणि शनिवार पोरींचाच असल्याचा एक फायदा झाला जो मी आधी धरलाच नव्हता. शाळेत सातवीच्या पोरींना सॅनिटरी पॅड येतात, आणि त्याबद्दल बोलायचं म्हणजे कागदात गुंडाळून हातात देणे एवढंच. एका शनिवारी दार लावून घेतलं आणि दुकानातलं एक पॅड, एक शाळेतलं, आणि जुन्या सुती लुगड्याच्या कापडाची घडी असं टेबलवर ठेवलं, सोबत दहा एमएलची सिरिंज आणि पाणी. कुठलं किती पाणी धरतंय मोजा. आधी नुसती खीखी. कुणी हात लावेना. मग मोटर उलटी फिरवणारी तीच पुढं झाली आणि सिरिंज भरली. पाच मिनिटात सगळ्याजणी आकडे ओरडून सांगत होत्या. मग कात्रीनं कापून आत काय आहे ते काढलं. दुकानातल्यात कापसाच्या थरात साखरेसारखे बारीक दाणे होते, पाणी पडलं की फुगून जेली. सोडियम पॉलिअॅक्रिलेट त्याचं नाव, फळ्यावर लिहिलं. आता त्या जेलीवर चिमूटभर मीठ टाका म्हटलं. मीठ टाकलं आणि जेली ढिली पडून पाणी सुटायला लागलं. हे बघून सगळ्या गप्प, मग एकजण म्हणाली, ‘टीचर, रगतात मीठ असतंय की.’ असतंच. म्हणून साध्या पाण्याच्या मानानं हे दाणे रक्त फार कमी धरतात. ‘मग टीव्हीवर निळं पाणी का वततात?’ आता ह्याचं उत्तर कंपनीवाल्यांना विचारायला पाहिजे. पण किती वेळानं बदलायचं, कापड असेल तर उन्हात का वाळवायचं, हे सगळं त्या दिवशी मोकळेपणानं बोलणं झालं, आणि मला भाषण करावं लागलं नाही.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. दरवर्षी सी. व्ही. रामन यांचा फोटो, हार, दोन भाषणं. यंदाही फोटो लावला, हार घातला, आणि मग शनिवारच्या पोरींनी कच्च्या आणि उकडलेल्या बटाट्यावर हायड्रोजन पेरॉक्साईड टाकून दाखवलं. मेडिकलमध्ये मिळतं ते, जखमेवर टाकलं की फेस येतो तेच. कच्च्यावर फेस, उकडलेल्यावर काही नाही, कारण फेस आणणारं आतलं एन्झाइम उष्णतेनं निकामी होतं. आमच्या भागात बटाट्याला तोटा नाही. मग मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं सांगितलं. माहेरच्या भागवत, मुंबईला बीएस्सी, 1933 ला बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनाला अर्ज केला, तेव्हा तिथले संचालक हेच रामन, आणि त्यांनी बाई आहे म्हणून नको म्हटलं. ह्या हटून बसल्या. शेवटी अटी घालून वर्षभर बघू म्हणून घेतलं, आणि काम बघून पुढं मुलींना प्रवेश सुरू झाला. नंतर केंब्रिजला जाऊन बटाट्यावरच्या कामातनंच वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे दाखवलं, 1939 ला पीएचडी. एका पोरीनं फोटोकडं बघून विचारलं, ‘ह्येच रामन?’ हो म्हटलं, हेच, आणि नोबेलवाले पण हेच. एका माणसात दोन्ही असतं हे सातवीच्या पोरीला समजतं, मोठ्यांनाच अवघड जातं. हेडमास्तर सर जरा अवघडले होते.

सुट्टीत सगळ्या पांगतात म्हणून मे मध्ये काही करता येत नाही असं वाटलं होतं, पण मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायातच जाते. ऑगस्टमध्ये परत एकदा येतो पण तेव्हा आमच्याकडं सूर्यच दिसत नाही. एकीचे बाबा गवंडी, त्यांचा ओळंबा आणला, त्यानं पाईप सरळ उभा केला. बारा वाजले तरी सावली आहेच, पोरी म्हणायला लागल्या टीचर चुकलं तुमचं. थांबा म्हटलं. घड्याळ लावलं आहे साडेब्याऐंशी रेखांशावर आणि आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, हिशोब करा. साडेबाराच्या आसपास सावली गेली. एकजण मामाच्या गावी कोल्हापूरला होती, तिनं त्याच दिवशी करून बघितलं तर थोडी सावली उरलीच, फोनवर चिडून सांगत होती. दोन-तीन दिवस थांब आणि परत कर म्हटलं. तिनं केलं, आणि मग कोल्हापूर आपल्या उत्तरेला किती आहे हे तिच्याकडनंच कळलं सगळ्यांना.

इन्स्पायर मानक म्हणून केंद्र सरकारची योजना आहे, तिला शाळेनं कल्पना पाठवायच्या असतात, सहावीपासनं पुढच्या मुलांच्या, निवड झाली की मॉडेल करायला दहा हजार येतात. एकीनं बटाटे आकारानुसार निवडायची चाळण सुचवली, उताराला लावलेल्या सायकलच्या तारा, वर अरुंद फट, खाली रुंद होत जाणारी. तिची आई बटाट्याच्या हंगामात दिवसभर बसून हातानं निवडते. निवड झाली नाही. चाळण घरी वापरायला काढली आहे, बटाटे फटीत अडकतात, आता ती तारांच्या जागी पीव्हीसी पाईप बसवायच्या विचारात आहे.

यंदा त्या पोरी आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला गेल्या. आमच्या कर्नाटकात बस आता बायकांना फुकट आहे म्हणून जाण्यायेण्याचा प्रश्न तेवढा राहिला नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. दहावीनंतर सायन्स घ्यायचं म्हणजे बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी), ते पण इंग्लिशमध्ये, आणि ट्यूशनची फी, तिथं किती टिकतील मला सांगता येत नाही. शनिवारी दोघी-तिघी अजून येतात, नव्या सहावीच्या पोरींना खरवडायला शिकवतात आणि अर्धं का ते सांगत नाहीत.

सध्या वाद सोल्डरिंगचा, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायचा, चालू आहे. वाइंडिंगवाले मामा जुनी सोल्डरिंग गन द्यायला तयार आहेत, सर म्हणतात पोरी भाजून घेतील. ह्याच पोरी रोज सकाळी चुलीवर तवा ठेवून भाकऱ्या थापून येतात हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले एसडीएमसीच्या मीटिंगमध्ये ठेवतो. मीटिंग गुरुवारी आहे, मामांना पण या म्हटलंय.